हाकेवरून पडलेली नावं : तुमच्याकडे कोणता पक्षी काय बोलतो?

रानवाट

नमस्कार मंडळी.

कामानिमित्त भोरच्या आसपासच्या गावांतून बरंच फिरणं होतं. तिथे एक गोष्ट सारखी जाणवते. पावशा दिसतो कसा, असं विचारलं तर निम्म्या माणसांना सांगता येत नाही. तो दिसतो शिक्र्यासारखा, बसतो दाट पानांत, आणि उडाला तरी ससाणा गेला असंच वाटतं. पण आवाज कानावर पडला की शेंबडं पोरही सांगतं, "पावशा ओरडतोय." नाव कानाशी बांधलेलं असलं की पक्षी दिसायची गरजच उरत नाही.

म्हणून हा धागा. आवाजावरून पडलेली पक्ष्यांची आणि प्राण्यांची नावं इथे एकत्र करू या.

कावळा, चिमणी सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. टिटवी घ्या. 'टिटीव-टिटीव' करत डोक्यावर घिरट्या घालणारी ती टिटवी, दुसरं नाव देणार तरी काय? सह्याद्रीत पाडव्याच्या सुमाराला 'कुटर्र कुटर्र कुटर्र' सुरू होतं आणि थांबता थांबत नाही, तो कुटुर्गा. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, अर्धा तास मान वर करून उभं राहिलं तरी सापडत नाही, पण नाव मात्र प्रत्येक गुराख्याला माहीत. नदीवर किलकिल करत बाणासारखा जाणारा किलकिल्या. आणि माझा सगळ्यांत लाडका वटवट्या. पुण्यामुंबईच्या बागांतही असतो. इवलासा जीव, शेपूट सतत उभी, आणि तोंड बंद म्हणून नाही. तो झुडपातून झुडपात जाताना पंखांचा 'चट्-चट्' असा बारीक आवाज येतो, विजेची ठिणगी उडावी तसा. पुढच्या वेळी कान देऊन ऐका.

लिहिताना एवढं सांगा : नाव, गाव किंवा तालुका, कोणत्या महिन्यात ऐकू येतो, आणि तुमच्या घरची माणसं त्या आवाजाचे शब्द काय करतात.

माडबन

छान धागा, रानवाटताई.

आमच्या सिंधुदुर्गात भारद्वाज म्हटलं तर जुन्या माणसांपैकी कुणी वर बघणार नाही. कुकुडकोंबा म्हणा, लगेच काजूच्या बागेकडे बोट जाईल. काळं अंग, विटकरी पंख, लालभडक डोळे. उडायचा कंटाळा, पाचोळ्यातून चालत किडे, गोगलगायी, सरडे वेचत फिरतो. आवाज मात्र अंगाच्या मानाने फार खोल, 'ऊप-ऊप-ऊप-ऊप'. एकाने सुरू केलं की लांबच्या बांबूच्या बेटातून दुसरा उत्तर देतो. नव्या माणसाला वाटतं वानर बोलतंय.

दिसला की आई म्हणायची, "कुकुडकोंबो दिसलो, आज कायतरी गोड खावक गावतला." हे शुभ मानणं घाटावरही आहे ना? तिथे त्याला कुंभारकावळा म्हणतात असं ऐकलं आहे.

निळाआकाश

माडबन, शुभ मानतात, हो. कुंभारकावळाही ऐकलंय.

मी नोकरीमुळे बरीच वर्षं केरळात होते. तिथे तुमच्या कुकुडकोंब्याचं नाव 'उप्पन'. तो 'उप्प् उप्प्' म्हणतो म्हणून. बंगालीत त्यालाच 'कुबो'. पक्षी एक, आवाज एक. कुणी त्यातला 'ऊप' पकडला, कुणी 'कूब'.

कुटुर्ग्याची तर आणखी मजा आहे. कर्नाटकात 'कुट्रुहक्की' (हक्की म्हणजे पक्षी), केरळात 'कुट्टुरुवन'. सह्याद्रीच्या कण्यावरून दक्षिणेला उतरत जा, भाषा बदलतात, लिपी बदलते, पण 'कुट्र' तेवढं कायम राहतं. ही नावं एकमेकांकडून उसनी घेतली असतील असं मला वाटत नाही. पक्षी सगळीकडे तेच बोलत होता.

उलट टिटवीचं. तमिळमध्ये तिला 'आळ्काट्टि' म्हणतात, म्हणजे माणूस आल्याचं दाखवून देणारी. तिथे आवाजाकडे नाही, तिच्या कामाकडे बघून नाव दिलंय. शिकाऱ्यांना ती नकोशी असते ती याचमुळे. ती ओरडली की सगळं रान सावध होतं.

भलरी

रामराम. धागा आवडला, पण पावशाबद्दल वेगळं मत मांडतो. मी बीडकडचा, घरची कोरडवाहू शेती.

पावशा हे नाव आवाजावरून नाही, पावसावरून पडलं आहे. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' हे आपण नंतर त्याच्या तोंडी घातलेलं. त्याला पाऊस कळतो हेही खरं नाही. तो चैत्रापासून ओरडतो, रोहिण्यांत ओरडतो, मृग कोरडा गेला तरी ओरडतो. तो त्याच्या विणीचा हंगाम आहे. सातभाईच्या घरट्यात अंडी घालायची असतात त्याच्या मादीला, आणि सातभाईची वीण त्याच वेळेला असते. त्यासाठी त्याचा आरडाओरडा, रात्र-रात्र चालतो, चढत चढत जातो आणि मधेच तुटतो.

पावशाच्या भरवशावर कुणी तिफण धरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दर साली बजावून सांगतं, आणि वापसा (पेरण्याजोगी ओल) आला का ते आम्ही ढेकूळ हातात चुरगाळून बघतो. घाई केली की दुबार पेरणी. दुबार पेरणी काय असते ते ज्याच्या घरी झाली त्यालाच माहीत. तेव्हा पक्ष्याला उगाच हवामानखातं करू नये असं माझं म्हणणं आहे.

रानवाट

भलरीदादा, विणीचा मुद्दा अगदी बरोबर. त्याच्या ओरडण्यावर पेरा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण एक गोष्ट बघा. या एकाच पक्ष्याला हिंदी माणसाने ऐकलं 'पी कहाँ', माझा प्रियकर कुठे. बंगाली माणसाने ऐकलं 'चोख गेलो', माझे डोळे गेले. इथल्या उन्हाळ्याने आणि तापाने हैराण झालेल्या इंग्रजांनी ऐकलं 'ब्रेनफीव्हर'. आपण ऐकलं 'पेर्ते व्हा'.

आता हे चारही मोठ्याने म्हणून बघा. पेर्-ते-व्हा. पी-क-हाँ. चोख्-गे-लो. ब्रेन्-फी-व्हर. चारही ठिकाणी ठोके तीनच, कारण पक्षी तीनच ठोके देतो. त्या तीन ठोक्यांत काय भरायचं ते मात्र ऐकणाऱ्याने आपल्या घरातलं आणलं. कुणाचं माणूस दूर, कुणाचे डोळे, कुणाचा ताप, आणि आपल्याकडे पेरणी. शब्द आपण तोंडी घातले हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण ते मनाला येईल तसे घातलेले नाहीत, माप पक्ष्याचं आहे. म्हणून आवाजावरून पडलेल्या नावांत मी त्याला ठेवते.

भलरी

ठोक्यांचं पटलं. असा विचार केला नव्हता कुणी आमच्याकडं.

एक भर घालतो मग. पावशा सुरू झाला की आमची आजी बी-बियाणं उन्हाला काढायची. मडक्यातली तूर, मटकी, बाजरी, सगळं सुपात घेऊन निवडायची, किडलेलं बाजूला काढायची. तिफणीचा फण बोथट झाला असेल तर सुताराकडं-लोहाराकडं धाडायची. पेरायला अजून महिना-दीड महिना असायचा. तेव्हा 'पेर्ते व्हा' याचा अर्थ आज पेरा असा तिनं कधी घेतला नाही. तयारीला लागा, एवढाच घेतला.

निळाआकाश

भलरी, हे वाचून राहवलं नाही म्हणून परत आले. केरळात विषू सणाच्या सुमाराला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, एक कोकीळकुळातलाच पक्षी ओरडतो, त्याला विषुपक्षी म्हणतात. तो काय म्हणतो? 'वित्तुम् कैक्कोट्टुम्', बियाणं आणि कुदळ! तुमच्या आजींनी सुपं काढावीत त्याच वेळी तिकडचे शेतकरी हे ऐकतात. त्याच आवाजाचं दुसरं रूप 'चक्कय्क्कुप्पुण्डो', फणसाला मीठ आहे का? तेव्हा फणस लागलेले असतात.

पक्षी पावशाच का, तर नाही. हा चार ठोक्यांचा आहे, म्हणून वाक्यंही चार तुकड्यांची.

देवदार

चार ठोक्यांचा तो म्हणजे इंडियन कुक्कू. अल्मोड्याला होतो तेव्हा त्याच्याशी चांगली ओळख झाली. कुमाऊंत तो म्हणतो 'काफल पाको'. काफळ ही तिकडची लालसर रानफळं, चैत्र-वैशाखात पिकतात आणि टोपल्या भरभरून बाजारात येतात.

तिथली लोककथा सांगतो, कारण नाव त्या कथेतूनच रुजलं आहे. गरीब आईने रानातून काफळ तोडून आणले, मुलीला राखण करायला बसवलं आणि कामाला गेली. उन्हाने फळं सुकून आक्रसली, टोपली कमी दिसायला लागली. मुलीने खाल्ली असं समजून आईने रागात तिला मारलं, त्यातच ती गेली. संध्याकाळी गारव्याने फळं पुन्हा फुगून टोपली भरली. आईनेही प्राण सोडला. दोघींचे पक्षी झाले. एक म्हणते 'काफल पाको', दुसरी म्हणते 'मैं नि चाखो', मी चाखले नाहीत. सांगणाऱ्याप्रमाणे तपशील थोडे बदलतात, पण उन्हात ठेवलेली फळं सुकतात हे मात्र प्रत्येक जण सांगतो.

बंगालमध्ये हाच पक्षी 'बोउ कथा कओ', म्हणजे अगं सूनबाई, बोल ना. ठोके तेच.

पेठेतला

तांबट कुणी घेतलाच नाही अजून?

आमचं घर कसब्यात, तांबट आळीपासून जवळ. तिथे अजून मठारकाम चालतं. तांब्याचं भांडं आधाराच्या लोखंडावर धरायचं आणि हातोडीने एका लयीत ठोके देत फिरवायचं. प्रत्येक ठोक्याला एक बारीक खळगी पडते आणि त्यावर उजेड चमकतो. बंब, हंडे, घंगाळी असंच घडायचं. मार्च-एप्रिलच्या दुपारी मागच्या पिंपळावर 'टुक-टुक-टुक-टुक' सुरू झालं की नवखा माणूस विचारतो, आज सुट्टीच्या दिवशी काम चालू आहे का.

मिनिटाला शंभरावर ठोके देतो तो पक्षी. लय तसूभर ढळत नाही. ज्याने हे नाव ठेवलं त्याने मठारकाम ऐकलेलंच असणार.

रंगपंख

पेठेतला, वर्णन सुंदर. पण तांबट हे तांबड्या रंगावरून नसेल का? कपाळ लाल, छातीवर लाल पट्टा. मी तरी लहानपणापासून असंच समजत आले.

कावळ्याच्या कुळातल्या टकाचोराचं एक नाव सांगते. माझं सासर कोलकात्याचं. तिकडे टकाचोराला 'हांडीचाचा' म्हणतात. करपलेली हंडी उलथन्याने खरवडताना जो कर्कश आवाज येतो, तसं तो ओरडतो म्हणून. त्याला गोड शीळही येते, अगदी पाण्यासारखी वाहती, पण नाव पडलं ते खरवडण्यावरून.

रानवाट

हांडीचाचा फार आवडलं!

तांबटाबद्दल मात्र पेठेतला यांच्या बाजूने. पक्षी मुख्यतः हिरवा, चिमणीहून जरासा मोठा. उंचावर वाळक्या फांदीच्या टोकाशी बसतो, खालून तो लाल ठिपका दुर्बिणीशिवाय नीट कळतसुद्धा नाही. त्याहून पक्का पुरावा शेजारच्या गुजरातीत आहे. तिथे त्याचं नाव 'कंसारो', म्हणजे आपला कासार. कासाराचा धातू काही तांबडा नव्हे. दोन्ही भाषांनी धातू घडवणारा कारागीरच निवडला, तो ठोक्यांसाठी.

दुर्बीण असेल तर एकदा त्याला ओरडताना बघा. चोच मिटलेली असते. प्रत्येक 'टुक' बरोबर डोकं हलतं आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंची उघडी कातडी फुगून परत बसते. शिवाय तो मान या बाजूला, त्या बाजूला वळवत राहतो, म्हणून आवाज कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. वडा-पिंपळाला फळं आली की शोधणं सोपं जातं.

शब्दखूण

सगळे प्रतिसाद वाचले. या धाग्यावर चाललेला वाद अडीच हजार वर्षांचा आहे, हे सांगायला आलो.

यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, तिसऱ्या अध्यायात, काक हा शब्द कुठून आला याची चर्चा आहे. यास्क म्हणतो, 'काक इति शब्दानुकृतिः । तदिदं शकुनिषु बहुलम् ।' काक हे आवाजाचं अनुकरण आहे, आणि पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळ आढळतं. लगेच पुढे तो औपमन्यव नावाच्या आचार्यांचं विरुद्ध मत नोंदवतो. त्यांच्या मते शब्दानुकृती असं काही नसतंच. प्रत्येक नामामागे एखादा धातू (क्रियापदाचं मूळ), एखादी क्रिया असलीच पाहिजे. मग काक का? तर ज्याला हाकलून द्यावं लागतं तो, 'अपकालयितव्य' म्हणून काक.

मी यास्काच्या बाजूचा. त्याने अंगणात कान देऊन ऐकलं होतं, आणि विरोधकाचं मतही प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. पण गंमत अशी की त्याच ठिकाणी तित्तिर पक्ष्याबद्दल मात्र यास्क आवाजाकडे जात नाही. उड्या मारत जातो म्हणून, किंवा अंगावर तिळाएवढे ठिपके असतात म्हणून तित्तिरि, असे दोन पर्याय तो देतो. माळावर पहाटे तित्तिराचं 'क-ती-तर, क-ती-तर' ज्याने ऐकलं आहे त्याला हे पटणं अवघड. याच पक्ष्यावरून कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचं नाव सांगतात. याज्ञवल्क्याने गुरूच्या रागापायी ओकून टाकलेली विद्या इतर शिष्यांनी तित्तिर होऊन टिपली, अशी ती कथा.

टिटवीचं संस्कृत नाव टिट्टिभ. पंचतंत्रात अंडी पळवणाऱ्या समुद्राशी भांडणारं जोडपं हेच.

मोहफूल

प्राण्यांकडे कुणी वळलं नाही म्हणून लिहिते. चंद्रपूरची आहे, ताडोबाच्या बाजूला येणं-जाणं असतं.

हुप्प्या! कळपातला मोठा नर वानर. सकाळी 'हुप्प-हुप्प' करत या झाडावरून त्या झाडावर झेप घेतो तेव्हा फांद्या कडाकडा वाजतात. आपला कळप कुठे आहे हे दुसऱ्या कळपाला कळवणं, हे त्या हुप्प्चं मुख्य काम. वाघ-बिबट दिसल्यावरचा आवाज निराळा, खोकल्यासारखा तुटक 'खक'. गाईड मंडळी हे दोन्ही आवाज झोपेतही ओळखतील. जिप्सी बंद करायची, सगळ्यांना गप्प करायचं आणि 'कॉल' ऐकायचा. चितळाचा कॉल आला तर थोडं थांबतात, सांबराने 'ढाँक' दिला की गाडी हलतेच. सांबर उगाच बोलत नाही असा त्यांचा भरवसा.

भेकर, आमच्याकडे भेडकी, हे हरीण कुत्र्यासारखं भुंकतं. हिंदीत त्यालाच 'काकड'. रात्री पहिल्यांदा ऐकणारा माणूस, जंगलात कुत्रं कसं आलं, म्हणून विचारतो.

लांबचं एक उदाहरण : आसाममध्ये जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार गिबन अभयारण्य आहे. तिथला हुलॉक गिबन, असमियात 'होलौ'. शेपूट नसलेला हा कपी. नर-मादी दोघं मिळून सकाळी असे हाकारे घालतात की सगळं रान दणाणून जातं, आणि नाव त्या हाकाऱ्यांतूनच आलं.

विदर्भातल्या गोंड, माडिया, कोरकू लोकांकडची नावं मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर गोळा केली. त्यांच्या पक्षिकोशात एकेका पक्ष्याखाली स्थानिक नावांची रांग आहे. ज्यांना या विषयाची ओढ आहे त्यांनी तो जरूर जवळ ठेवावा.

भलरी

शब्दखूण साहेब, कोल्ह्याचं काय? कोल्हेकुई म्हणतो आपण, पण कोल्हा या शब्दात आवाज काही ऐकू येत नाही.

शब्दखूण

भलरी, आता ऐकू येत नाही, पण होता. वेदांत कोल्ह्याला 'क्रोष्टृ' म्हटलं आहे, म्हणजे ओरडणारा. 'क्रुश्' हा ओरडण्याचा धातू, आक्रोश त्यातलाच. प्राकृतात त्याचं 'कोल्हुअ' झालं आणि मराठीत कोल्हा. शब्द माणसांच्या तोंडून घासत आला आणि ओरडणं त्यातून निघून गेलं. म्हणूनच मग 'कुई' वेगळी जोडावी लागली.

तित्तिराचं तसं झालं नाही. पक्षी रोज समोर येऊन आपलं नाव म्हणून दाखवतो, तेव्हा शब्द फार लांब जाऊ शकत नाही. काकाचा कावळा झाला, पण 'का' सुटला नाही.

आवाजालाच वेगळं नाव असणारा पक्षी म्हणजे मोर. त्याचा स्वर ती केका. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपल्या आर्त हाकांच्या काव्याला 'केकावली' नाव दिलं ते याच शब्दावरून. मोराची केका आणि मोरोपंतांची केका, दोन्ही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून +१.

इकडे चिकडी नावाचा चिमणीएवढा पक्षी हिवाळ्यातही अंगणात असतो. 'चिक-अ-डी-डी-डी'. यातल्या शेवटच्या 'डी'ची संख्या धोक्याप्रमाणे बदलते, हे २००५ साली 'सायन्स' नियतकालिकात आलं होतं. लहान, चपळ घुबड त्यांना जास्त धोक्याचं, म्हणून त्याच्यासाठी 'डी' जास्त, आणि मोठ्या, जड घुबडासाठी कमी. म्हणजे ज्या आवाजावरून नाव पडलं त्यातच संदेश आहे. ऑगस्टच्या रात्री इथे केटिडिड नावाचा नाकतोड्याचा भाऊबंद असतो, तोही स्वतःचंच नाव घेत राहतो.

मुलांना पावशा ऐकवला, रेकॉर्डिंगवरून. झेनो-कँटो या संकेतस्थळावर भारतातल्या पक्ष्यांचे आवाज भरपूर आहेत. 'पेर्ते व्हा' शिकवलं, आता तेच म्हणतात.

रंगपंख

हुदहुद राहिला. अरबी-फारसीत हुदहुद, लॅटिनमध्ये उपुपा, इंग्रजीत हूपो. सगळीकडे तो 'हूप-हूप-हूप'च. २०१४ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणमला धडकलेल्या वादळाचं हुदहुद नाव ओमानने सुचवलं होतं. एवढ्या शांत पक्ष्याच्या वाट्याला ते यावं याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

पाचट

वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच लिहितोय. फलटणकडचा. जाणकारांनी सांगावं.

आमच्या वस्तीच्या मागे मुरमाड टेकडी आहे, बोरी-बाभळी, बाकी पडीक. उसाला पाणी द्यायला रात्री जावं लागतं. तेव्हा टेकडीकडून टिटवीसारखा पण टिटवी नव्हे असा आवाज येतो. घरचे टिटवीच म्हणतात आणि अपशकुन म्हणून दार लावतात. टिटवी मला चांगली माहीत आहे, बांधाला दर वर्षी अंडी असतात. ही ती नाही.

रानवाट

पाचट, स्वागत! अपशकुनाचं आधी. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, त्यामुळे रात्री कोल्हा-कुत्रा-माणूस कुणीही जवळ आलं की ती ओरडणारच. घरच्यांना एवढं सांगून बघा.

आता आवाजाबद्दल विचारते. एका जागेवरून येतो की उडता? 'चक-चक-चक-चर्र' असा ठोक्याठोक्याने घाईला येऊन संपतो का? तसं असेल तर रातवा, रात्री फिरणारा पक्षी.

पाचट

चर्र नाही. 'पिक-पिक-पिक' असं हळू सुरू होतं, मग चढतं, 'पिव्-पिव्' असं लांबतं आणि खाली येतं. एकाने केलं की दुसरीकडून पण येतं. जमिनीवरूनच येत असावं. चांदण्यात जास्त.

मोहफूल

करवानक! मुरमाड जागा, बोरी-बाभळी, रात्री चढत जाणारा 'पिव्-पिव्', सगळं जुळतं.

रानवाट

मोहफूलशी सहमत, करवानकच. अरबीत या जातीच्या पक्ष्यांना करवान म्हणतात, ते नाव आपल्याकडे येऊन मुरलं.

पाचट, सकाळी सात-साडेसातला टेकडीच्या सावलीच्या बाजूने सावकाश जा. मातकट रंगाचा, अंगावर काळ्या रेघा, टिटवीहून मोठा, गुडघे जाड, आणि डोळे भलेमोठे पिवळे. दिवसा झुडपाखाली दगडासारखा निश्चल बसून असतो, त्यामुळे आधी डोळाच दिसेल. जवळ गेलात तर उडण्याआधी मान खाली घालून पळत सुटेल. फेब्रुवारी ते ऑगस्टच्या दरम्यान गेलात तर पाय जपून टाका, अंडी उघड्यावरच असतात.

रात्री फोनवर आवाज टिपता आला तर इथे लावा. आणि तोच आवाज वस्तीवरच्या जुन्या माणसांना ऐकवून त्यांचं नाव काय आहे ते विचारा. धनगर वाड्यावर आधी जा, रात्री मेंढरांजवळ माळावर तेच असतात.